भाषा हवी, बोलणारा मात्र नको?

20 जानेवारी 2025 ला डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रं घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. यापुढे केंद्र सरकार स्त्री आणि पुरुष ही दोनच लिंगं मानणार आणि ती बदलत नाहीत असं धरून कारभार करणार, असा तो आदेश. 1 मार्चला दुसरा निघाला: इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा. दोन्हींत सहा आठवड्यांचंही अंतर नव्हतं. पहिल्या आदेशावर लिंगभावाच्या चळवळीतली माणसं बोलली, दुसऱ्यावर भाषांची काळजी वाहणारी. दोन्ही चर्चा आपापल्या वाटेनं गेल्या. अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाबतीत मात्र हे दोन प्रश्न कधीच वेगळे नव्हते. ज्या हातांनी त्यांच्या भाषा बंद पाडल्या, त्याच हातांनी पुरुष कोण, बाई कोण आणि त्यांनी कसं राहायचं हेही ठरवून दिलं.

आदिवासींच्या भाषा जगवताना लिंगओळखीचा प्रश्न घ्यावा की नाही, हा वाद ज्या रीतीनं घातला जातो ती मला फार दिवसांपासून खटकते. एक बाजू म्हणते, भाषा मरणपंथाला लागली आहे, म्हातारी माणसं एकेक करून जाताहेत, अशा वेळी लिंगओळखीचा विषय मधे आणून फाटे फोडू नका. शिवाय हे खूळ गोऱ्यांच्या विद्यापीठांतलं, ते आदिवासींच्या गळ्यात कशाला? दुसरी बाजू उत्तर देते की आमच्या पूर्वजांकडे सगळं होतं, दोनांहून अधिक लिंगं होती, प्रत्येकाला मान होता, गोरे आले आणि सगळं नासलं. पहिली बाजू भाषेला माणसापासून तोडते. दुसरी माणसाचा हक्क इतिहासाच्या दाखल्यावर टांगून ठेवते. माझं म्हणणं असं की भाषा पुन्हा बोलती करायची असेल तर ती बोलणारा माणूस सबंध घ्यावा लागतो, त्याच्या लिंगओळखीसकट. आणि त्याला तसं घेण्यासाठी पूर्वजांची परवानगी आणून दाखवावी लागत नाही.

या दोन्ही चुका नेमक्या ओळखणाऱ्या अभ्यासकांमध्ये जेनी एल. डेव्हिस यांचं नाव मी आधी घेईन. डेव्हिस या चिकसॉ राष्ट्राच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका आदिवासी जमातीच्या, नागरिक. इलिनॉय विद्यापीठात त्या मानवशास्त्र आणि आदिवासी अभ्यास हे विषय शिकवतात, कविताही लिहितात. चिकसॉंचा मूळ मुलूख मिसिसिपी-अलाबामाकडचा. 1837 पासून त्यांना तिथून उठवून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, नेऊन बसवलं. आज या राष्ट्राचे नागरिक पन्नास हजारांच्या वर आहेत आणि भाषा अस्खलित बोलणारे शंभराच्याही आत. या समाजानं आपली भाषा परत मिळवण्यासाठी काय केलं, त्यातून ‘चिकसॉ असणं’ याचा अर्थ कसा बदलत गेला, याचा अभ्यास डेव्हिस यांनी 2018 साली पुस्तकरूपानं मांडला. त्याआधी, 2014 साली, स्वतःला ‘टू-स्पिरिट’ म्हणवणाऱ्या, म्हणजे स्त्री-पुरुषाच्या ठरीव साच्यात न बसणाऱ्या, आदिवासींच्या गटांमध्ये वावरून त्यांनी एक लेख लिहिला होता. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय. पण दोन्हींच्या मुळाशी एकच शोध आहे: मी कोण, हे सांगायला माणूस भाषेचा वापर कसा करतो?

डेव्हिस यांच्या मांडणीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग 2017 च्या एका निबंधात आहे. भाषा संकटात असल्याबद्दल आपण ज्या तऱ्हेनं बोलतो, त्या बोलण्याचीच तिथं तपासणी आहे. 30 डिसेंबर 2013 ला एमिली जॉन्सन डिकरसन वारल्या, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. केवळ चिकसॉ बोलणाऱ्या, इंग्रजीचा आधार न घेणाऱ्या त्या अखेरच्या व्यक्ती. अशा मृत्यूच्या बातमीत ‘शेवटची’ हा शब्द ठळक छापला जातो. वाचणारा हळहळतो आणि भाषा संपली असं समजून पुढच्या बातमीकडे वळतो. प्रत्यक्षात त्या वेळी चिकसॉ आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी कितीतरी वडीलधारी माणसं हयात होती, आणि राष्ट्राचा भाषा-कार्यक्रम 2007 पासून चालू होता. डेव्हिस यांचा आक्षेप इतकाच नाही. ‘भाषा मरते आहे’ असं म्हटलं की तिला मारलं कुणी हा प्रश्न वाक्यातून गळून जातो. आणि भाषेबद्दल बोलताना ती बोलणाऱ्यांचं घर, शरीर, नाती, दुःखं हे सगळं बाजूला काढून ठेवलं की हाती उरते ती नुसती शब्दसंपत्ती, खाणीतून काढलेल्या खनिजासारखी. ‘भाषेचं काम करा, लिंगओळखीचं नको’ ही सूचना नेमकी याच जातीची आहे. तिला शब्द हवे असतात. शब्द उच्चारणारं तोंड कुणाचं आहे, याच्याशी देणंघेणं नसतं.

आता मारलं कुणी, या प्रश्नाकडे. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल ही आदिवासी मुलांसाठीची निवासी शाळा 1879 साली लष्करी अधिकारी रिचर्ड प्रॅट यांनी काढली. तिथं आलेल्या टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाची दोन छायाचित्रं पुष्कळांनी पाहिली असतील. 1882 च्या चित्रात केस खांद्यांवर मोकळे सोडलेले, कानांत मोठ्या रिंगा, गळ्यात माळा, अंगाभोवती घोंगडी. तीन वर्षांनंतरच्या चित्रात केस बारीक कापून भांग पाडलेला, कान मोकळे, कोट आणि कॉलर. ही जोडचित्रं शाळा जाहिरातीसारखी वापरत असे. त्या दोन चित्रांमधून काय काय गेलं ते मोजून पाहा. शाळेत मातृभाषा बोलायला बंदी होती, हे आपण भाषेच्या इतिहासात वाचतो. मुलगे सुतारकाम-लोहारकामाला आणि मुली धुणं-शिवणकामाला लावल्या जात, मुलग्यांचे लांब केस पहिल्याच दिवशी कापले जात, हे आपण दुसऱ्या पुस्तकात वाचतो. मुलासाठी तो एकच दिवस होता. त्याचं नाव, जीभ, केस आणि कपडे एकाच दिवशी बदलले गेले. हे सगळं एका दमात शिकवता येत होतं, कारण हे सगळं एकच आहे अशी त्या शाळेची पक्की समजूत होती. शाळेला जे कळलं होतं, ते आज भाषेच्या बाजूनं बोलणाऱ्यांना कळू नये?

आणि ‘हे बाहेरून आलेलं खूळ’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्याच क्रो या जमातीची हकीकत ऐकावी. त्यांच्यात ‘बाटे’ म्हणवली जाणारी माणसं होती. जन्मानं पुरुष, राहणी आणि कामं बायकांची, कातड्याच्या शिवणकामात तरबेज. ओश-टिश हे त्यांतलं गाजलेलं नाव. 1876 च्या रोझबडच्या लढाईत लढल्याबद्दलही त्यांची ख्याती होती. 1890 च्या दशकात त्या भागातल्या सरकारी एजंटानं बाटेंना पकडून त्यांचे केस कापले, पुरुषी कपडे घालायला लावले, अंगमेहनतीची कामं करायला लावली. क्रोंचे इतिहासकार जो मेडिसिन क्रो यांनी सांगून ठेवलं आहे की यावर सबंध जमात खवळली आणि प्रिटी ईगल या मुखियानं त्या एजंटाला मुलूख सोडून जायला सांगितलं. इथं बाहेरून कोण आलं होतं? दोनच साचे घेऊन आला तो एजंट होता, आणि आपली माणसं त्या साच्यात कोंबू नका म्हणणारा गावचा मुखिया होता.

हे फक्त अमेरिकेत घडलं असं समजण्याचं कारण नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा पहिला भाग आपल्याला ठाऊक असतो, कारण त्याच्या वारसदार कायद्यांनी पारध्यांसारख्या जमातींच्या कित्येक पिढ्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का 1952 पर्यंत पुसला गेला नाही. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. त्यांची नोंदवही ठेवायची, नोंद झालेल्यानं बायकी कपडे घालून चारचौघांत वावरलं किंवा नाचगाणं केलं तर वॉरंटाशिवाय अटक करायची. भटक्या जमाती आणि हिजडे एकाच कायद्याच्या दोन भागांत बसवणाऱ्याला त्यांच्यात काय साम्य दिसलं असेल? दोन्ही त्याच्या चौकटीत बसत नव्हते, एवढंच. त्याहीआधी गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयनं 1684 साली फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडावी असं बजावलं. 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानात लग्नातल्या ओव्या, पानविडे यांच्याबरोबर पुरुषांचं धोतर आणि बायकांची चोळी यांवरही बंदी आली. जिभेवर हुकूम चालवणाऱ्या सत्तेचा हात अंगावरच्या कपड्यापर्यंत पोचतोच. कारण भाषा, वेश, लग्न आणि चूल हे सगळं मिळून माणूस पुढच्या पिढीला आपलं काही देत असतो, आणि ते देणंच थांबवायचं असतं.

विरोधातले मुद्दे सगळेच पोकळ आहेत असं मी म्हणत नाही. वेळ थोडा आहे, हा मुद्दा खरा आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. शंभराच्या आत माणसं उरली असतील तर प्रत्येक आठवडा मोलाचा. पण तो आठवडा खर्च कसा होतो ते पाहिलं पाहिजे. अमेरिकेतल्या कित्येक आदिवासी भाषांमध्ये जी पद्धत रुजली, तिच्यात एक जाणती वडीलधारी व्यक्ती आणि एक शिकणारा असे दोघं आठवड्यातले कित्येक तास एकत्र काढतात. स्वयंपाक करतात, गाडीतून दवाखान्यात जातात, भांडी घासतात, आणि या सगळ्या वेळात इंग्रजी बोलायचं नाही असा नेम असतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ही पद्धत आकाराला आली आणि चिकसॉंनीही ती घेतली. अशा सहवासात माणूस स्वतःबद्दल गप्प राहूच शकत नाही. कुणाबरोबर राहतोस, लग्न कधी करणार, तुझे केस असे का, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतात. ज्या शिकणाऱ्याला यांतल्या प्रत्येक प्रश्नाला खोटं उत्तर द्यावं लागतं तो महिनाभरात यायचा थांबतो. मग वेळ वाचला की गेला? इतक्या थोड्या माणसांत आपण कुणाला दारातून परत पाठवतो आहोत, हा हिशेब ‘आधी भाषा’ म्हणणाऱ्यांनी करायला हवा.

त्याहून अवघड मुद्दा वडीलधाऱ्यांचा आहे. भाषा ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांतले पुष्कळजण श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. चिकसॉ आणि त्यांचे भाषाभगिनी चॉक्टॉ यांच्या खेडोपाडीच्या चर्चमध्ये चॉक्टॉ भाषेतली भजनं पिढ्यान् पिढ्या गायली गेली. शाळेत जी भाषा बोलल्यावर मार बसायचा ती रविवारी चर्चमध्ये मोकळेपणानं म्हणता यायची. म्हणजे ज्या धर्मसंस्थेनं स्त्री-पुरुषांचा नवा साचा आणला, तिच्याच आसऱ्याला भाषा तग धरून राहिली. ही गुंतागुंत मान्य केल्याशिवाय कुणी या विषयावर बोलू नये. ऐंशी वर्षांच्या आजीला ‘तुझी श्रद्धा वसाहतवादी आहे’ असं सुनावणारा तरुण मला मुळीच आवडत नाही. पण वडीलधाऱ्यांच्या नावानं बोलणारे आणि प्रत्यक्ष वडीलधारे यांत फरक असतो. घरातल्या नातवाला त्याच्या वेगळेपणासकट जेवायला वाढणाऱ्या आज्या सगळ्या समाजांत आहेत. त्यांना त्यासाठी सिद्धान्त लागत नाही. वडीलधाऱ्यांना हे चालणार नाही असं परस्पर ठरवून टाकणं हा त्यांचाही अपमानच आहे. त्यांना विचारावं आणि ते काय म्हणतात ते ऐकावं. कुणी नाही म्हणालं तर तो त्या घरातला वाद आहे, तो त्या घरात, त्या भाषेत होऊ द्यावा. ज्या भाषेत भांडता येतं ती भाषा जिवंत असते.

तिसरा आक्षेप असा की ‘टू-स्पिरिट’ हे नावच इंग्रजी आणि अगदी अलीकडचं. अगदी बरोबर. 1990 साली विनिपेग इथं आदिवासी समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींचा मेळावा झाला, तिथं ते स्वीकारलं गेलं. मानवशास्त्रज्ञांनी चिकटवलेलं एक अपमानास्पद नाव टाकून देण्यासाठी त्यांनी ते घेतलं आणि हे कधी लपवून ठेवलं नाही. मग ते खोटं ठरतं का? मराठी वाचकाला याचं उत्तर घरातच सापडेल. ‘आदिवासी’ हा शब्द किती जुना आहे? गोंड, भिल्ल, मुंडा, उरांव यांच्या आजोबांच्या आजोबांनी तो उच्चारला नसेल. छोटा नागपुरात 1938 साली आदिवासी महासभा उभी राहिली त्या सुमाराला तो राजकारणात ठाम झाला, आणि तोही संस्कृत घडणीचा. म्हणून जल-जंगल-जमिनीचा हक्क मागणारा गोंड बनावट ठरतो, असं कुणी शहाणा म्हणेल का? गावात तो कोया असतो, मोर्चात आदिवासी. दोन्ही नावं खरी, दोन्ही आपापल्या जागी कामाची. डेव्हिस यांना टू-स्पिरिट गटांत हेच दिसलं. माणसं आपापल्या जमातीच्या भाषेतलं नाव आणि सगळ्या जमातींचं मिळून असलेलं इंग्रजी नाव, दोन्ही बाळगतात. प्रसंग पाहून एक पुढे करतात आणि दुसरं टाकून देत नाहीत. ‘हे की ते’ असा निवाडा बाहेरचे मागतात. आतल्यांचं ‘हेही आणि तेही’ असं बिनबोभाट चाललेलं असतं. मला तर यात पुनरुज्जीवनाचं फार मोठं बळ दिसतं. आपल्यासारख्या माणसाला आपल्या जमातीच्या भाषेत काय म्हणत असतील, या कुतूहलापोटी एखादा तरुण शहरातून आजोळी जातो, आणि त्या शोधात त्याला क्रियापदं, गाणी, नातेवाईक असं सगळंच भेटायला लागतं.

इथंच मला आपल्या मित्रपक्षालाही दोन शब्द सुनवायचे आहेत. ‘आमच्या पूर्वजांत हे होतंच’ हा युक्तिवाद हाताळताना फार जपावं. अमेरिकेत सरकारमान्य अशीच पावणेसहाशेच्या आसपास आदिवासी राष्ट्रं आहेत. त्या सगळ्यांची एकच रीत होती असं म्हणणं म्हणजे त्यांना पुन्हा एका गठ्ठ्यात बांधणं. कुठं अशा व्यक्तींना मान होता, कुठं नुसती सहनशीलता, आणि कुठं काय होतं हे कळायला मिशनरी आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या वह्यांपलीकडे साधनच नाही. समजा उद्या एखाद्या जमातीच्या जुन्या कागदांत असं काहीच सापडलं नाही, तर तिथल्या पारलिंगी मुलीनं भाषावर्गात येऊ नये का? हा सापळा आपल्याकडच्या सुधारकांनीही पाहिला आहे. विधवाविवाह शास्त्रसंमत आहे की नाही यावर 1870 साली पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद रंगला. सुधारक शास्त्रार्थ करत राहिले आणि निकाल त्यांच्या विरोधात गेला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्याच्या कितीतरी आधी, 1863 साली, फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. त्यासाठी त्यांनी कुठल्या ग्रंथाची वाट पाहिली नाही. ओश-टिशची हकीकत मी वर सांगितली ती ‘बाहेरचं खूळ’ हा आरोप खोडायला. हक्काचा पाया म्हणून ती मी वापरणार नाही. हक्क आज जिवंत असलेल्या माणसाचा आहे, म्हणून तो आहे.

एकेका प्रश्नाला एकेक रांग, असा नियम लावला असता तर न्यूझीलंडचं काय झालं असतं याचा विचार करून पाहा. माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी; त्यांच्या तरुणांच्या ‘न्गा तामातोआ’ या संघटनेनं पुढाकार घेऊन 14 सप्टेंबर 1972 ला तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेवला: शाळांत माओरी भाषा शिकवा. त्या संघटनेच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांत न्गाहुइया ते अवेकोटुकू होत्या. त्याच वर्षी अमेरिकेनं त्यांना व्हिसा नाकारला, कारण त्या स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्री होत्या आणि ते लपवत नव्हत्या. त्या अपमानातून त्यांनी ऑकलंड विद्यापीठात उभं राहून जी हाक दिली, तिथून त्या देशातल्या समलिंगी हक्कांच्या चळवळीला तोंड फुटलं. पुढे 1981 साली न्यूझीलंडच्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या माओरी स्त्री ठरल्या, माओरी विद्याशाखेच्या प्राध्यापक झाल्या. ‘ताकातापुई’ हे जुनं माओरी नाव आज तिथल्या समलिंगी-पारलिंगी माओरींनी आपलं केलं आहे, त्यामागेही त्यांचं संशोधन आहे. 1982 साली माओरी भाषेतल्या बालवाड्या निघाल्या, 1987 साली कायद्यानं भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. या वाटचालीत भाषेचं नुकसान कुठं झालं ते कुणी दाखवून द्यावं. माओरीत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींसाठी ‘इआ’ हे एकच सर्वनाम आहे म्हणून हे सोपं गेलं, असंही समजू नये. बंगालीत आणि फारसीतही सर्वनामाला लिंग नाही, म्हणून तिथल्या बायका आपोआप मोकळ्या झाल्या नाहीत. माओरींच्या सभास्थानीही बहुतेक ठिकाणी औपचारिक भाषण पुरुषानं करायचं आणि स्वागताची हाक बाईनं घालायची, ही रीत भाषेबरोबरच परत बळकट झाली आहे. मग ताकातापुई माणसानं कुठं उभं राहायचं? हा प्रश्न तिथली माणसं आज माओरीतूनच एकमेकांना विचारताहेत.

मराठी वाचकानं हे सगळं परक्याचं म्हणून सोडून देऊ नये. आपल्या भाषेत तर ‘मी’ म्हटल्यावर पुढचं क्रियापद तोंडातून निघतानाच लिंग सांगून टाकतं. रेशन दुकानाच्या खिडकीशी उभ्या तृतीयपंथी व्यक्तीनं ‘मी काल आले होते’ म्हणायचं की ‘आलो होतो’? कार्डावर एक, तोंडात दुसरं, आणि मागच्या रांगेतले कान टवकारलेले. एका मात्रेवर माणसाची पत ठरते. आणि तरी कोल्हापुराकडच्या बायका सहज ‘येतो मी’ म्हणून उंबरा ओलांडतात. त्यानं मराठी बुडाली नाही, की त्यांचं बाईपण गेलं नाही. बोलणाऱ्याच्या गरजेपुढे व्याकरण वाकतं, आणि वाकलेलं व्याकरण पुढे शिष्टसंमत होतं. राज्यव्यवहारकोशापासून पदनाम कोशापर्यंत आपण शब्द घडवतच आलो. प्रशासनासाठी नवे शब्द घडवणं हे भाषेवरचं प्रेम आणि पारलिंगी माणसासाठी घडवणं ही भाषेची मोडतोड, हा भेद कुठल्या तत्त्वावर?

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गडचिरोलीत किंवा मेळघाटात मराठीची जागा तीच आहे जी ओक्लाहोमात इंग्रजीची. गोंडी, कोरकू, माडिया बोलणारं मूल शाळेत आलं की त्याची जीभ आपण बंद करतो. आणि त्याच्या जगण्याकडे बघण्याची आपली नजर तर त्याहून वाईट. गोटूल ही गोंड तरुण-तरुणींची एकत्र जमण्याची जागा. गाणी, कोडी, कथा, कामाची शिस्त हे सगळं मोठ्या मुलांकडून लहानांकडे तिथं पोचायचं, अर्थात गोंडीतून. बाहेरच्या माणसांना त्यात फक्त मुलगे आणि मुली एकत्र दिसले. चवीनं चर्चा झाल्या, नाकं मुरडली गेली, शिकलेल्या गोंड मुलांना गोटूलचं नाव काढायची लाज वाटू लागली. ती जागा रिकामी होत गेली तेव्हा भाषेचीही एक शाळा बंद पडत होती. गोटूलवर नैतिक शेरे मारणाऱ्यांना आपण भाषा मारतो आहोत हे कळलं नाही, आणि गोंडीचे शब्द गोळा करणाऱ्यांना गोटूलच्या बदनामीशी आपला संबंध आहे असं वाटलं नाही.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा तिच्या नावात ‘गोटूल’ हा शब्द मुद्दाम घेतला. शिक्षण खात्यानं शाळा अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि गाव उच्च न्यायालयात गेलं. त्या शाळेत काय शिकवायचं, मुलामुलींनी कसं बसायचं, कुठली रीत जुनी म्हणून ठेवायची आणि कुठली सोडायची, हे ठरवण्याचा अधिकार मोहगावचा आहे. मुंबई-पुण्यातल्या पुरोगाम्यांचा नाही आणि संस्कृतिरक्षकांचाही नाही. आणि ते ठरत असताना ज्या मुलाला मुलग्यांच्या रांगेत बसवत नाही आणि मुलींच्या रांगेत बसू देत नाहीत, त्यालाही ग्रामसभेत उठून बोलता आलं पाहिजे, गोंडीत.